सामाईक संगणकातील तात्पुरता साठा : कोठे शोधावा, केव्हा पुसावा

पुणे–नाशिक मार्गाने मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पलीकडे गेले की पिंपरी-चिंचवडची हद्द मागे पडते आणि खेड तालुका सुरू होतो. या तालुक्यातील निघोजे हे गाव गेल्या काही दशकांत शेतीच्या नकाशावरून उद्योगाच्या नकाशावर आले. चाकण औद्योगिक क्षेत्रात २००९ साली सुरू झालेला फोक्सवॅगनचा कारखाना आणि त्यामागोमाग उभा राहिलेला महिंद्रचा वाहन कारखाना या दोहोंच्या टपाली पत्त्यात निघोजे हे नाव येते. कारखान्यांबरोबर कामगार आले, कामगारांबरोबर भाड्याच्या खोल्या आल्या आणि या सर्वांबरोबर कागदपत्रांची गरज वाढली. ज्याला पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी दाखला लागत असे, त्याला आता महिन्यातून दोनदा कोणता तरी उतारा, प्रमाणपत्र किंवा नोंद लागते.

ही कागदपत्रे आता संगणकावरून निघतात. ग्रामीण महाराष्ट्रात २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतीच्या दारात संगणक पोहोचला. पुढे त्याची जागा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांनी घेतली. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आल्यानंतर अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला. घरबसल्या, असे म्हणावयाचे. परंतु ज्याच्या घरी संगणक नाही, मुद्रणयंत्र नाही, त्याला सेवा केंद्राची किंवा बाजारातील एखाद्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढावीच लागते. तेथील एकच संगणक दिवसभरात अनेक हातांखालून जातो. सकाळी एखादा शेतकरी आठ-अचा उतारा काढतो, दुपारी पाळी संपवून आलेला कंत्राटी कामगार भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक पाहतो, सायंकाळी एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. प्रत्येक जण आपले काम आटोपून निघून जातो. त्याच्या कामाचा मागमूस मात्र यंत्रात राहतो. तो कोठे राहतो, किती काळ राहतो आणि कोणाच्या हाती लागू शकतो, हे सामाईक संगणकाची जबाबदारी असणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

साठा कशासाठी?

संकेतस्थळे पाहण्याचे साधन म्हणजे न्याहाळक, अर्थात ब्राउझर. एखादे पान उघडले की न्याहाळक दूरच्या संगणकाकडून मजकूर, चित्रे, अक्षरांचे टंक आणि पानाच्या मांडणीच्या सूचना मागवून घेतो. हे सर्व तो दाखवितो आणि त्याचबरोबर त्याची एक प्रत जवळ ठेवतो. तेच पान पुन्हा उघडले तर सर्व काही नव्याने मागविण्याचे कारण उरत नाही. कचेरीतील उदाहरण द्यावयाचे तर, अभिलेख कक्षातून एखादा शासन निर्णय दररोज मागविण्याऐवजी अनुभवी लिपिक त्याची एक प्रत मेजाच्या खणात ठेवतो, तसाच हा प्रकार होय.

या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. इंग्रजीत त्याचा उच्चार रोकड या अर्थाच्या ‘कॅश’सारखाच होतो आणि त्यामुळे “कॅश रिकामी करा” अशी दूरध्वनीवरून आलेली सूचना ऐकून एखाद्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तिजोरीकडे पाहिले, तर त्यात त्याचा दोष नाही. मराठी न्याहाळकांच्या पडद्यावर ‘कॅशे’ हे रूप रूढ झाले आहे; तेच येथे वापरले आहे.

कल्पना आंतरजालापेक्षा जुनी आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अशा जवळच्या, वेगवान स्मृतीचे वर्णन केले होते आणि आयबीएमने १९६८ साली जाहीर केलेल्या ३६०/८५ या संगणकाबरोबर ‘कॅशे’ ही संज्ञा संगणकविश्वात रुळली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांस खुली केली, तेव्हा या साठ्याचे मोल विशेष होते. त्या काळातील ९.६ किलोबिट वेगाच्या जोडणीवर ६० किलोबाइटचे एक चित्र यावयास सुमारे ५० सेकंद लागत. एकदा आलेले चित्र टाकून देणे परवडणारे नव्हते. मराठी वाचकांना तर आणखी एक अडचण होती. युनिकोड रुळण्यापूर्वी बहुतेक मराठी संकेतस्थळांचा टंक आपापला असे. तो उतरवून घेतल्याशिवाय पडद्यावर मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसत असे. आजही देवनागरीचा टंक रोमन टंकापेक्षा बराच जड असतो, कारण जोडाक्षरांच्या आकृत्या त्यात असाव्या लागतात. मराठी पान दुसऱ्या वेळी लवकर उघडते त्याचे श्रेय बऱ्याच अंशी साठ्यातील टंकाला द्यावे लागेल.

जवळची प्रत जुनी झाली आहे किंवा नाही हे न्याहाळकास कसे कळते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या संदेशवहनाच्या नियमांत त्याची पद्धत सविस्तर ठरविण्यात आली. संकेतस्थळ पानासोबत सांगते, की ही प्रत इतके सेकंद ग्राह्य धरावी. मुदत संपली की न्याहाळक विचारणा करतो आणि बदल झालेला नसल्यास पलीकडून ‘३०४’ या क्रमांकाचे त्रोटक उत्तर येते : फेरबदल नाही, जवळची प्रतच वापरावी. खरी अडचण येते ती संकेतस्थळाने मुदत सांगितलीच नाही तर. अशा वेळी न्याहाळकाला अंदाज बांधण्याची मुभा असते. पानात शेवटचा बदल होऊन जितका काळ लोटला असेल, त्याच्या सुमारे एक दशांश काळ प्रत ताजी मानण्याची पद्धत नियमांतच सुचविलेली आहे. म्हणजे १०० दिवस न बदललेले पान पुढील १० दिवस विचारणा न करता जसेच्या तसे दाखविले जाऊ शकते. त्याच दिवसांत एखाद्या योजनेची अंतिम मुदत बदलली, तर केंद्रावरील अर्जदारास जुनीच तारीख दिसण्याचा संभव राहतो. “साहेबांच्या भ्रमणध्वनीवर नवी तारीख, आमच्या संगणकावर जुनी” या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

काय काय मागे राहते?

‘कॅशे’ हा मागे राहणाऱ्या गोष्टींपैकी एक प्रकार आहे आणि खरे म्हणजे तो सर्वांत घातक नाही. त्याशेजारी ‘कुकीज’ असतात. या चिमुकल्या नोंदी १९९४ साली नेटस्केप या न्याहाळकासाठी लू माँटुली यांनी योजल्या. एखाद्या संकेतस्थळावर परवलीचा शब्द देऊन प्रवेश केल्यावर “हा तोच माणूस आहे” हे त्या संकेतस्थळास पुढच्या पानावर कळते ते कुकीमुळे. ज्याने ‘लॉग आउट’ न करता खुर्ची सोडली, त्याचे खाते पुढच्या माणसासमोर उघडे असू शकते, तेही कुकीमुळेच. याशिवाय पाहिलेल्या पानांची यादी म्हणजे इतिहास, अर्जात भरलेल्या मजकुराची आठवण, जतन केलेले परवलीचे शब्द आणि उतरवून घेतलेल्या फाइली.

अर्जातील मजकुराची आठवण सोयीची वाटते. नाव लिहू लागताच खाली मागील अर्जदारांची नावे, जन्मतारखा, भ्रमणध्वनी क्रमांक झळकू लागतात. घाईत चुकीच्या ओळीवर कळ दाबली गेली की भलत्याच नोंदीचा अर्ज रवाना होतो. निघोजेकरांना यात आणखी एक धोका आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात, कुकडी नदीच्या रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेले निघोज नावाचे गाव आहे. नाव लिहिता लिहिता पडद्याने सुचविलेले ‘निघोज’ स्वीकारले, तर एका मात्रेच्या फरकाने पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात जातो. सामाईक संगणकावर ही सुविधा बंदच ठेवणे श्रेयस्कर.

सर्वाधिक दुर्लक्षित जागा मात्र ‘डाउनलोड्स’ ही आहे. कॅशे, कुकीज व इतिहास पुसला तरी उतरवून घेतलेल्या फाइली तेथे जशाच्या तशा राहतात. खासगी खिडकीतून काम केले असले तरीही राहतात. आधार पत्राचे उदाहरण पाहावे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. आता बहुतेक कामांसाठी नागरिक ई-आधारची फाइल उतरवून घेतात. ती कुलूपबंद असते, हे खरे. परंतु तिचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार रोमन अक्षरे आणि जन्माचे साल. ज्याच्या संगणकात फाइल राहिली, त्याच्याच वहीत अर्जदाराचे नाव आणि वय लिहिलेले असते. कुलपाशेजारी किल्ली टांगून ठेवण्यासारखाच हा प्रकार झाला. शक्यतो सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नये आणि उतरविल्यास सर्व प्रती पुसाव्यात, असे आधार प्राधिकरणाचेही सांगणे आहे. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तेथे पहिले आठ अंक झाकलेले आधार चालते. ते मागणाऱ्यांनीही लक्षात घेतले, तर निम्मा धोका कमी होईल.

साठा कोठे सापडतो?

जुन्या संगणकांपासून सुरुवात करणे सोपे जाईल. मायक्रोसॉफ्टच्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या न्याहाळकाने या साठ्याला ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ असे सरळ नाव दिले होते. विन्डोज एक्सपीमध्ये तो ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात, वापरकर्त्याच्या नावाखालील ‘लोकल सेटिंग्ज’मध्ये असे. व्हिस्टा आणि विन्डोज ७ मध्ये तो ‘यूजर्स’, वापरकर्त्याचे नाव, ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विन्डोज’ या क्रमाने आत गेला. विन्डोज ८.१ पासून त्या फोल्डरचे नाव ‘आयनेटकॅशे’ असे झाले. हा न्याहाळक १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आला. तरीही काही जुनी संकेतस्थळे त्याच्याशिवाय चालत नाहीत, म्हणून ‘एज’ या नव्या न्याहाळकात जुन्याची पद्धत राखून ठेवलेली आहे. त्या पद्धतीने उघडलेल्या पानांचा साठा आजही ‘आयनेटकॅशे’मध्येच जातो. एजमधील साठा पुसला म्हणजे सर्व काही पुसले, असे समजणाऱ्या कार्यालयांनी याची नोंद घ्यावी.

आज बहुतेक केंद्रांवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स असतो. या तिन्हींचा साठा विन्डोजमध्ये ‘ॲपडेटा’खालील ‘लोकल’ या फोल्डरात सापडतो. ‘ॲपडेटा’ हे फोल्डर लपविलेले असते. फाइल पाहण्याच्या खिडकीतील ‘व्ह्यू’ या यादीतून लपविलेल्या वस्तू दाखविण्याची खूण केल्याशिवाय ते दिसत नाही. याहून जवळची वाट अशी : कळफलकावरील विन्डोजची कळ दाबून धरून ‘आर’ दाबावा, उघडलेल्या चौकटीत ‘लोकलॲपडेटा’ हा शब्द रोमन लिपीत, जागा न सोडता, दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह देऊन लिहावा आणि ‘एंटर’ करावे. नेमके ‘लोकल’ फोल्डर उघडते. तेथून क्रोमसाठी ‘गूगल’, ‘क्रोम’, ‘यूजर डेटा’, ‘डीफॉल्ट’, ‘कॅशे’ अशा पायऱ्या उतराव्यात. एजसाठी आरंभी ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘एज’. पुढील वाट सारखीच आहे, कारण २०२० पासून एज हा क्रोमच्याच मूळ आराखड्यावर बेतलेला आहे. फायरफॉक्ससाठी ‘मोझिला’, ‘फायरफॉक्स’, ‘प्रोफाइल्स’, मग स्वैर अक्षरांनी सुरू होणारे एक नाव आणि त्यात ‘कॅशे २’. ज्या संगणकावर एकाहून अधिक व्यक्तींची खाती उघडलेली असतात, तेथे ‘डीफॉल्ट’च्या शेजारी ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ अशी फोल्डरे दिसतात. प्रत्येकाचा साठा वेगळा असतो आणि पाहताना एखादा नजरेतून सुटणे सहज शक्य असते.

काही शाळांत व कार्यालयांत लिनक्सवर चालणारे संगणक आहेत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही त्याच कुळातील. तेथे हा साठा वापरकर्त्याच्या ‘होम’ फोल्डरात, नावाआधी टिंब असलेल्या ‘कॅशे’ या फोल्डरात असतो. टिंबाने सुरू होणारी नावे लपलेली राहतात. नियंत्रण कळ आणि ‘एच’ एकत्र दाबल्यास बहुतेक ठिकाणी ती दिसू लागतात.

साठ्याचे फोल्डर प्रथमच उघडणाऱ्याची निराशा होते. इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात तेथे चित्रे व पाने नावानिशी दिसत. कोणत्या संकेतस्थळावरून, केव्हा आली हेही शेजारी लिहिलेले असे. क्रोममध्ये मात्र ‘एफ’ या अक्षरापुढे क्रमांक असलेल्या, कोणतेही प्रत्यय नसलेल्या फाइलींची रांग आणि ‘डेटा’ नावाचे काही ठोकळे एवढेच आढळते. कोणती फाइल कशाची हे एका वेगळ्या सूचीत नोंदलेले असते. त्या फाइली एकेक करून उघडण्यात किंवा निवडून पुसण्यात अर्थ नाही. सूची व फाइली यांचा मेळ बिघडतो, एवढेच. फायरफॉक्स याबाबत थोडा उदार आहे. त्याच्या पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत ‘अबाउट’, विसर्गासारखी दोन टिंबे आणि ‘कॅशे’ असे लिहिल्यास साठ्याची जागा, आकारमान आणि नोंदींची यादी समोर येते. शाळेतील संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांना हा साठा प्रत्यक्ष दाखवावयाचा असेल, तर याहून चांगले साधन नाही.

अलीकडे साठ्याच्या रचनेत एक बदल झाला. एखादे चित्र साठ्यात आहे की नाही हे ते किती लवकर उघडते यावरून ताडता येते आणि त्यातून कोणी कोणती संकेतस्थळे पाहिली याचा माग काढता येतो, असे लक्षात आल्यावर क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या साठ्याचे कप्पे वेगळे केले. जागा थोडी अधिक लागते, पण एका दुकानाची चिठ्ठी दुसऱ्या दुकानदाराला वाचता येत नाही.

पुसण्याची रीत

फोल्डर शोधणे हे समजून घेण्यासाठी; पुसण्याचे काम न्याहाळकाकडूनच करून घ्यावे. तिन्ही न्याहाळकांत ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ या तीन कळा एकत्र दाबल्या की पुसण्याची चौकट उघडते. तेथे पहिली नजर कालावधीच्या रकान्यावर टाकावी. तो रकाना अनेकदा ‘गेला एक तास’ किंवा त्याहूनही थोड्या वेळावर ठेवलेला असतो. तो न बदलता बटण दाबले तर महिन्याभराचा साठा तसाच राहतो आणि पुसल्याचे समाधान तेवढे मिळते. सामाईक संगणकावर ‘सर्व काळ’ निवडावा. कुकीज पुसल्या की सर्व खात्यांतून बाहेर पडल्यासारखे होते; अर्धवट भरलेला अर्ज असल्यास तो आधी पूर्ण करावा. न्याहाळकात एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःचे खाते जोडून ठेवले असेल, तर इतिहास त्याच्या भ्रमणध्वनीवरूनही पुसला जाईल. त्याहून वाईट म्हणजे, नागरिकांनी पाहिलेली पाने त्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचत राहतील. केंद्राच्या संगणकावर वैयक्तिक खाते जोडू नये, हा नियम म्हणूनच काटेकोर पाळावयास हवा.

केवळ जुने पान दिसते आहे, अशी अडचण असेल तर सर्व साठा पुसण्याची गरज नाही. विन्डोजमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘एफ ५’ एकत्र दाबल्यास न्याहाळक जवळची प्रत बाजूला ठेवून तेवढे पान नव्याने मागवितो. नव्या मुदती, नवे अर्ज, बदललेली शुल्के यांची खात्री करण्यास एवढे पुरते. जेथे जोडणी मंद आहे तेथे ऊठसूट सर्व साठा रिकामा करणे म्हणजे स्वतःच्या कामाची गती स्वतःच कमी करणे होय.

दर नागरिकामागे साठा पुसत बसणे गर्दीच्या दिवशी अशक्यच आहे. त्यासाठी अतिथी खिडकी किंवा खासगी खिडकी वापरावी. क्रोम व एजमध्ये ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एन’ आणि फायरफॉक्समध्ये ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘पी’ या कळांनी ती उघडते. खिडकी बंद केली की त्या वेळचा साठा, कुकीज व इतिहास नाहीसा होतो. मात्र अशा सर्व खिडक्या बंद व्हाव्या लागतात. एक जरी मागे उघडी राहिली, तरी पहिल्या नागरिकाच्या कुकीज दुसऱ्याच्या वेळी जिवंत असतात. खासगी खिडकी म्हणजे अदृश्य होण्याची विद्या नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सेवा पुरविणारी कंपनी आणि कार्यालयाचे जाळे यांना कोणती संकेतस्थळे पाहिली ते दिसू शकतेच. ‘डाउनलोड्स’मधील फाइली तर हाताने पुसाव्या लागतात आणि नंतर कचरापेटीही रिकामी करावी लागते.

साफसफाईसाठी बाहेरची फुकट साधने उतरवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. २०१७ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये ‘सीक्लीनर’ या अतिशय लोकप्रिय साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच घातक प्रणाली घुसविली गेली होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली. जे काम न्याहाळक स्वतः करतो, त्यासाठी परक्याला घरात घेण्याचे प्रयोजन दिसत नाही.

केव्हा पुसू नये?

साठा पुसणे ही चांगली सवय असली तरी तिलाही अपवाद आहेत आणि ते कायद्याने घातलेले आहेत. एखाद्या नागरिकाच्या खात्यातून पैसे गेले, कोणाच्या नावे परस्पर अर्ज झाला किंवा कार्यालयाच्या संगणकाचा गैरवापर झाल्याचा संशय आला, तर त्या संगणकातील साठा हाच तपासाचा पहिला धागा ठरू शकतो. कोणते पान कोणत्या वेळी उघडले, कोणती फाइल केव्हा उतरविली हे त्यावरून कळते. अशा वेळी घाबरून किंवा सद्‌हेतूनेही पुसापुसी करू नये. संगणक बाजूला ठेवावा, वेळ लिहून ठेवावी आणि पोलिसांना कळवावे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक देशभर चालतो आणि तो जितक्या लवकर फिरविला जाईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. चाकण परिसर २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. न्यायालयात असा अभिलेख मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. संगणक कोणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न तेथे येतोच.

सायबर कॅफे चालविणाऱ्यांसाठी २०११ चे केंद्रीय नियम आहेत. वापरकर्त्याची ओळख पटविणे, नोंदवही ठेवणे आणि पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपणे त्यांत अपेक्षित आहे. नागरिकाची गोपनीयता जपावी की नोंद जपावी, असा पेच येथे कोणास वाटेल. परंतु दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कोण, केव्हा बसला आणि कोणते संकेतस्थळ पाहिले ही नोंद जबाबदार व्यक्तीच्या कुलपात असते. ई-आधारची फाइल आणि उघडे राहिलेले खाते पुढच्या गिऱ्हाइकासमोर पडलेले असते. पहिली ठेवावयाची, दुसरे ठेवावयाचे नाही. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाही संसदेने संमत केला.

या कामाचा काही भार संकेतस्थळे तयार करून घेणाऱ्या कार्यालयांवरही आहे. दाखले, उतारे, खात्यांचे तपशील दाखविणाऱ्या पानांसोबत “साठवू नये” अशी सूचना पाठविता येते. ती मिळाल्यावर न्याहाळकाने त्या पानाची प्रत ठेवावयाची नसते. जाहीर सूचना व मुदतींच्या पानांना अल्पशी ग्राह्यता मुदत आणि बोधचिन्हे, टंक यांना दीर्घ मुदत देता येते. हे काही ओळींचे काम आहे, मात्र ते कोणी मागितल्याशिवाय होत नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका व ग्रामपंचायतींनी संकेतस्थळाचे काम देताना करारनाम्यातच ही अट घातल्यास केंद्रचालकांचा पुष्कळ त्रास वाचेल.

आता तर केंद्राच्या संगणकाइतकेच काम भ्रमणध्वनीवर होते. अँड्रॉइडच्या यंत्रात ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, मग न्याहाळकाचे नाव आणि ‘स्टोरेज’ येथे दोन बटणे शेजारी शेजारी दिसतात. ‘क्लिअर कॅशे’ने तात्पुरता साठा जातो, ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ने खाती व मांडणीही यंत्रातून जाते. दोहोंतील फरक कळल्याशिवाय दुसऱ्या बटणास हात लावू नये. साठा रिकामा केल्यावर पहिल्या दिवशी पाने थोडी उशिरा उघडतील, मराठी अक्षरे क्षणभर वेगळ्या वळणाची दिसतील आणि मग टंक उतरला की पूर्ववत होतील. त्याच क्षणापासून साठा पुन्हा भरू लागलेला असतो.